मदत हवी आहे: घरच्या कॉकपिटच्या योकला पॉट ठेवू की हॉल सेन्सर?

नमस्कार मंडळी. फ्लाइटगिअर या विमान-सिम्युलेटरवर सेसना १७२ हे छोटं विमान उडवण्यासाठी घरीच प्लायचं कॉकपिट बांधतोय. रडर पेडल आणि थ्रॉटल छान चालतात. घोडं अडलंय ते योकपाशी, म्हणजे विमान वळवायच्या हँडलपाशी.

बोर्ड आर्डुइनो लिओनार्डो आहे, कारण तो यूएसबीवर थेट जॉयस्टिक म्हणून ओळखला जातो. एलेरॉनला (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपांना) १० किलोओहमचा साधा पॉट, म्हणजे फिरवून रोध बदलणारा पोटेन्शिओमीटर. योक सोडून दिला तरी सिरियल मॉनिटरवर आकडा ५०८ ते ५१७ मध्ये नाचत राहतो आणि नेमकं फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात, विमान एका अंगाला कलतं. डेड झोन (मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल) वाढवला की थरथर थांबते, पण बारीक दुरुस्त्याही गिळल्या जातात. तो उपाय मला मान्य नाही, लँडिंगची सगळी मजा त्या बारीक हालचालींतच आहे. शिवाय योक एकूण ९० अंश फिरतो आणि पॉट ३०० अंशांचा, म्हणजे १०२४ पायऱ्यांपैकी जेमतेम तीनशेच हाती लागतात.

म्हणून ४९ई हा लिनिअर हॉल सेन्सर (चुंबकाचं क्षेत्र मोजणारा) बसवायचा विचार आहे. घासणारा भागच नाही, तर झिजणार काय? पण चुंबक एक लावावा, की समोरासमोर दोन, विरुद्ध ध्रुव एकमेकांकडे करून? शाफ्ट लोखंडी आहे, त्याने क्षेत्र बिघडेल का? की आधी गिअर लावून पॉटच पूर्ण फिरवून बघू?

आणि स्प्रिंग! दोन ताणाच्या स्प्रिंगा समोरासमोर लावल्यात, तरी मध्यावर हाताला खटका जाणवतो. कुणी कॅम (खाच असलेली फिरती चकती) आणि बेअरिंग वापरून हे सोडवलं असेल तर फोटो नक्की टाका.