छू फूचंग यांना पदक, आणि होडीवाली झू आयबाओ?

काठावरचा: २९ एप्रिल १९३२ रोजी शांघायच्या होंगकौ बागेत युन बोंग-गिल या कोरियन तरुणाने जपानी अधिकाऱ्यांवर बॉम्ब टाकला. जनरल शिराकावा त्यात दगावला. कट जपानी राजवटीविरुद्ध लढणारे कोरियन नेते किम गू यांचा. त्यांच्या डोक्यावरचं इनाम चढत चढत ६ लाख युआनवर गेलं. तेव्हा शांघायजवळच्या ज्याशिंग या चिनी शहरातले छू फूचंग यांनी त्यांना आसरा दिला. १९९६ मध्ये दक्षिण कोरियाने छूंना मरणोत्तर पदक दिलं, ते योग्यच. पण शोध जवळ आला की किम गू राहायचे ते झू आयबाओच्या होडीवर. दिवसा कालव्यांतून फिरायचं, रात्री मिळेल तिथे नांगर टाकायचा. पुढे नानजिंगमध्येही ती त्यांची बायको म्हणून राहिली. कोरियाच्या लढ्याची कार्यकर्ती म्हणून छूंच्या बरोबरीने तिचं नाव घ्यायला हवं.

सुमेधा_क: आदर आहे, पण बरोबरीने नाही. ती किम गूंना क्वांगतुंग या दक्षिण चीनमधल्या प्रांताकडचा माणूस समजत होती, हे किम गूंनीच लिहून ठेवलंय. छूंना सगळं ठाऊक होतं. पकडले गेले असते तर घरादारावर आलं असतं, तरी त्यांनी दार उघडलं. कोरियाचं नावही जिच्या कानावर घातलं नाही, ती कोरियाच्या लढ्याची समर्थक कशी?

जुनी वही: तुम्ही दोघं छूंची सून झू ज्यारुई हिला विसरताय. नुकतंच पहिलं मूल झालेलं. ऐन उन्हाळ्यात ती किम गूंना हाययानला आपल्या माहेरच्या बंगल्यावर घेऊन निघाली. उंच टाचांचे बूट घालून, रुमालाने घाम पुसत डोंगर चढली. हे दृश्य टिपायला कॅमेरा हवा होता, असं किम गूंना वाटलं. तिला सगळं माहीत होतं. मी तिला छूंच्याही वर ठेवीन.

काठावरचा: ज्यारुईबद्दल दुमत नाही. पण आयबाओने जवळपास पाच वर्षं दिली. १९३७ मध्ये नानजिंग सोडताना किम गूंनी तिला ज्याशिंगला परत धाडलं, हातावर १०० युआन ठेवले. एवढेच दिले याची खंत त्यांना कायम राहिली.

सुमेधा_क: मग हा हिशेब किम गूंचा आहे, तिच्या देशभक्तीचा नव्हे. तिला अंधारात ठेवून जीव धोक्यात घातला गेला. त्यावर आता 'कार्यकर्ती' असा शिक्का मारलात तर तो अन्याय झाकला जाईल. मला तिचा कळवळा आहे म्हणूनच हे बोलतेय.

काठावरचा: हे मानतो, 'कार्यकर्ती' शब्द मागे घेतो. पण तिला काही माहीत नव्हतं हे सांगणारे किम गूच. चिनी बोलताना अडखळणारा, पोलिसांची चाहूल लागली की होडीत येऊन बसणारा माणूस. पाण्यावर वाढलेल्या बाईला पाच वर्षांत कसलाच संशय आला नसेल, हे मला पटत नाही.