आपला आइस हॉकी संघ परदेशात इतक्या मोठ्या फरकाने का हरतो?

होटगी रोडकर:
पुरुषांचा संघ 2009 साली अबुधाबीत पहिल्यांदा आशियाई चॅलेंज कपला उतरला, महिलांचा 2016 साली तैपेईत. तैपेईत एकही सामना हाती लागला नाही, पुरुषांचे पराभवही मोठ्या फरकाचे. लडाखची मुलं तर बर्फावरच वाढलेली. मग सामन्यात नेमकं कुठं बिनसतं? दुसरं, सोलापुरात सिमेंटच्या रिंगवर इनलाइन (एका ओळीत चाकं) आणि क्वाड (चाकांच्या दोन जोड्या) स्केट्सवर खेळणारी पोरं आहेत. त्यांना बर्फावर पाठवायचं तर इथंच काय करून घ्यावं?

निळी रेष:
पहिलं कारण बर्फच. लेहमधला सराव बहुतेक नैसर्गिक बर्फावर, तोही डिसेंबर ते फेब्रुवारी. तो बर्फ फार थंड आणि कडक असतो, त्यावर धूळही बसते. कडक बर्फात पकड मिळावी म्हणून स्केटच्या ब्लेडच्या तळाची खोबण खोल घासतात. स्पर्धेतला बंदिस्त रिंक उणे 4 ते 6 अंशांचा, म्हणजे त्या मानाने मऊ. तीच खोल धार तिथं रुतते. घसरण कमी होते, मांड्या लवकर भरून येतात आणि दुसऱ्या पिरियडपासून (सामन्याचे असे तीन भाग असतात) खेळाडू मागे पडायला लागतो. उपाय सोपा आहे: पोचल्या दिवशी ब्लेड उथळ घासून घ्यायचं. खोबणीची त्रिज्या अर्धा इंच असेल तर ती पाच अष्टमांश इंच करायची. मग ब्लेडवर नाणं आडवं ठेवून बघायचं. ते एका बाजूला कललं तर दोन्ही कडा सारख्या नाहीत, आणि अशा ब्लेडवर एकाच बाजूला नीट वळता येतं.

दुसरं म्हणजे बोर्ड, रिंकभोवतीची भिंत. नियमातला बोर्ड 107 सेंटिमीटर उंच आणि वर काच. पक (खेळातली रबराची चकती) त्यावर आपटून कुठल्या कोनात परत येतो हे अंगवळणी पडायला तसाच बोर्ड लागतो. गोठलेल्या तळ्याभोवती बुटक्या फळ्या लावून ते जमत नाही. कोपऱ्यातला प्रत्येक पक अर्धा सेकंद उशिरा मिळतो आणि समोरच्याला तेवढं पुरतं.

सात रस्ता:
निळी रेष यांचं बरोबर आहे, पण माझ्या मते खरा घात खेळाडूंच्या बदलीत होतो. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एका वेळची पाळी, 40 ते 50 सेकंदांची हवी. राखीव फळी कच्ची असली की चांगले पाच जण दीड मिनिट आत राहतात. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाय उचलत नाहीत, मग स्टिकने अडवाअडवी होते आणि दोन मिनिटांची शिक्षा मिळते. पाचाविरुद्ध चार.

दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात, त्यामुळे बचावफळीपासून आपला बाक लांब जातो. तेव्हा पक आपल्या भागात असताना कुणी बदलीला निघालं तर गोल ठरलेलाच. मधली लाल रेष ओलांडायची, पक समोरच्याच्या खोल भागात टाकायचा आणि मगच बाकाकडे वळायचं. आपली शिक्षा चालू असताना मात्र आयसिंग (मधल्या रेषेच्या अलीकडूनच पक पलीकडच्या टोकाला मारण्याची चूक) लागत नाही. चौघांनी गोलसमोर चौकोन धरायचा आणि पक मिळताच थेट पलीकडच्या टोकाला मारायचा. पूर्ण मापाचा, म्हणजे 60 मीटर लांबीचा रिंक वर्षभर मिळाल्याशिवाय हे मुरत नाही.

होटगी रोडकर:
म्हणजे आपल्या उन्हाळ्याचा यात काही संबंध नाही?

सात रस्ता:
नाही. 2017 साली बँकॉकमध्ये महिलांनी फिलिपिन्सला 4-3 हरवलं, 2025 साली अमिरातींतल्या अल ऐनमध्ये आशिया कपचं कांस्य घेतलं. जूनमधलं अल ऐन आपल्या मे महिन्यापेक्षा कमी तापत नाही. या पोरींचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

निळी रेष:
पोरांबद्दल. इनलाइनवाले थांबताना गोल फिरतात किंवा मागचा पाय घासतात. बर्फावर दोन्ही ब्लेड आडवी टाकून थांबायचं असतं, ते चाकांवर शिकवता येत नाही. म्हणून बर्फावरचे पहिले दोन दिवस फक्त तेच: बोर्ड धरून एका पायाच्या आतल्या कडेने बर्फ खरवडायचा, मग दुसऱ्या, मग दोन्ही पायांनी. इनलाइनमध्ये निळ्या रेषा नसतात, त्यामुळे ऑफसाइडची (पकाच्या आधी निळी रेष ओलांडून समोरच्याच्या भागात शिरायचं नाही, या नियमाची) सवय शून्य. इथल्या रिंगवर रंगीत पट्टी मारून तो नियम आत्ताच लावा.

खरा पक 156 ते 170 ग्रॅमचा, सिमेंटवर तो अडखळतो. आठ बाय चार फुटांचा सनमायका लावलेला प्लाय जमिनीवर टाका आणि त्यावरून खऱ्या पकाचे रोज शंभर फटके. पायांसाठी 45 सेकंद पूर्ण ताकदीने धाव, अडीच मिनिटं विश्रांती, असे आठ फेरे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका.