शौर्यपदकाचा ‘विजेता’ की ‘मानकरी’?

विचारणा (घोडबंदर रोड, ठाणे):
आमच्या सोसायटीत दुसऱ्या महायुद्धात लढलेला अमेरिकी अभिनेता ऑडी मर्फी याचा एक जुना चित्रपट दाखवणार आहोत. पत्रकाच्या मसुद्यात मी ‘मेडल ऑफ ऑनर विजेता अभिनेता’ असं लिहिलं (हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक). शेजारच्या निवृत्त सुभेदारकाकांनी ‘विजेता’वर सरळ काट मारली. ‘‘पदकासाठी कोणी लढत नाही गं. शर्यत होती का ती?’’ त्यांचं पटलं. पण मग काय लिहू? मानकरी, पदकप्राप्त की सन्मानित?

उत्तर (ऐरोली):
काकांचं अगदी बरोबर आहे, ताई. ‘विजेता’ म्हटलं की समोर हरलेला स्पर्धक आला. वर्तमानपत्रंसुद्धा सर्रास ‘परमवीर चक्र विजेते’ छापतात, ते दर वेळी खटकतं. मर्फीचंच बघा. 26 जानेवारी 1945, फ्रान्समधलं होल्ट्सविर गाव. वय अवघं 19. आपल्या माणसांना त्यानं मागे जंगलात पाठवलं आणि स्वतः पेटलेल्या रणगाडाविरोधी गाडीवर चढून तिच्यावरच्या मशीनगननं जवळपास तासभर जर्मन पायदळ रोखून धरलं. पायाला जखम झालेली. यात जिंकायचं बक्षीस कुठे होतं? पुढे कित्येक वर्षं तो उशाखाली पिस्तूल ठेवून झोपायचा. लढून परतलेल्या सैनिकांच्या मनाचे हाल तो उघडपणे बोलून दाखवायचा, आणि त्या काळी असं बोलणारे फार थोडे होते. अशा माणसाला ‘विजेता’ म्हणवत नाही.

उत्तर (नौपाडा, ठाणे):
‘मानकरी’बद्दल माझी शंका. गावच्या जत्रेत पालखीचा मान असतो, पहिल्या नारळाचा असतो. तो घराण्यात चालत येतो, त्यासाठी काही करून दाखवावं लागत नाही. मर्फी तर टेक्ससमधला, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या गरीब घरातला पोरगा.

उत्तर (ऐरोली):
मूळ अर्थ तोच, मान्य. पण आज ‘पुरस्काराचे मानकरी’ म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे वतन येत नाही. मान दुसऱ्यांनी द्यायचा असतो, हा अर्थ मात्र त्यात शिल्लक आहे आणि इथे नेमका तोच हवा. ‘पदकप्राप्त’ला सरकारी कागदाचा वास येतो. ‘सन्मानित’ चालेल, फक्त पदकाला ‘ने’ लावावा लागतो : ‘परमवीर चक्राने सन्मानित’.

उत्तर (नेरूळ):
एक जोड देतो. ‘वॉर हिरो’साठी ‘युद्धनायक’ लिहू नका. फौजेत नायक हा हुद्दा आहे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे नायकच होते. 1944 मध्ये इटलीत धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मर्फी त्या लढाईत सेकंड लेफ्टनंट होता. शिवाय 1955 मध्ये त्यानं पडद्यावर स्वतःचीच भूमिका केली, त्यामुळे चित्रपटाच्या पत्रकावर ‘नायक’ म्हणजे नक्की कोणता, हा घोळ होणारच. आपला ‘रणशूर’ आहे की! सुटसुटीत आणि कानाला भारदस्त.

विचारणा करणारी:
आभार. ‘मेडल ऑफ ऑनरचा मानकरी, रणशूर अभिनेता ऑडी मर्फी’ असं केलंय. काकांना दाखवलं, त्यांनी फक्त ‘मर्फी’तली वेलांटी सुधारली.