पाठ केलेले इंग्लिश शब्द वाक्यात आले की गोंधळ उडतो, नेमकं कसं शिकायचं?

कोरेगावची_पोर
नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आणि सीडीएस (सैन्यात अधिकारी होण्याची यूपीएससीची परीक्षा) देऊन ओटीएला (लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) जायचंय. ओटीएवाल्यांना गणिताचा पेपर नसतो म्हणजे इंग्लिश आणि जीके या दोनवरच सगळं आलं. ग्रामर बऱ्यापैकी जमतंय पण व्होकॅब मारून टाकतंय. मी वहीत डावीकडे इंग्लिश शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ असं लिहिते, रोज सकाळी वाचते, मैत्रिणीने वहीतून विचारलं तर धडाधड सांगते. पण पेपरात तोच शब्द वाक्यात अधोरेखित करून येतो आणि खाली चार पर्याय असतात तेव्हा दोन सारखेच वाटायला लागतात. कंडोन आणि कंडेम तर दर वेळी उलटसुलट होतात. चुकलं की एक तृतीयांश मार्क जातात त्यामुळे ठोकून द्यायची पण भीती वाटते. क्लास लावणं सध्या शक्य नाही. पाठांतर वाढवू की पद्धतच बदलू? प्लीज सांगा.

मिरजेचे_मास्तर
बाळ, पद्धत बदल. मी ज्युनिअर कॉलेजला आयुष्यभर इंग्लिश शिकवलं, ही दोन रकान्यांची वही प्रत्येक वर्गात बघितली. त्यात शब्द एकटा पडतो. तो कुणाबरोबर येतो, कुठल्या जागी बसतो हे वहीला माहीतच नसतं, आणि पेपर नेमकं तेच विचारतो.

तुझाच शब्द घे. कंडोन म्हणजे 'माफ करणे' असं लिहून ठेवलं असशील तर गोंधळ होणारच. हा शब्द माणसाला लागत नाही, कृत्याला लागतो. शिवाय तो बहुतेक वेळा नकारात येतो, 'द आर्मी डज नॉट कंडोन इनडिसिप्लिन', म्हणजे बेशिस्तीकडे आम्ही कानाडोळा करणार नाही. कंडेम म्हणजे उघड निषेध, सरकार हल्ला 'कंडेम' करतं. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हण, पुन्हा अदलाबदल होणार नाही.

आता करायचं काय ते सांगतो. घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच, त्यांची कोरी बाजू कापून कार्ड कर. पुढे वाक्य लिही पण शब्दाच्या जागी रिकामी रेघ आणि फक्त पहिलं अक्षर. मागे शब्द, आणि अर्थ सोप्या इंग्लिशमध्ये, अगदीच अडलं तर मराठीत. वही वाचताना डोळ्यांना ओळख पटते आणि आपल्याला वाटतं येतंय. कार्ड बघून शब्द डोक्यातून बाहेर ओढावा लागतो, ती मेहनतच कामाची. मग चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून कप्पे कर: रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने १९७२ मध्ये ही कप्प्यांची पद्धत मांडली. मोबाइलवर करायचं असेल तर अँकी नावाचं कार्डांचं अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट मिळतं. पण माझं मत विचारशील तर पहिले काही महिने हातानेच लिही.

फौजी_स्वप्न
मास्तरांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. मी दोनदा लेखी क्लिअर केली आहे. १२० प्रश्न, दोन तास, त्यामुळे पेपरात विचार करत बसायला वेळच नसतो, शब्द दिसला की अर्थ आलाच पाहिजे आणि त्यासाठी याद्या लागतात. मागच्या वर्षांचे पेपर यूपीएससीच्या साइटवर फुकट पडलेत, त्यातले समानार्थी आणि विरुद्धार्थीचे सगळे शब्द, पर्यायांसकट, काढ. पर्यायांसकट म्हणतोय कारण आजचा पर्याय उद्याचा प्रश्न असतो. बाजारातल्या हजारो शब्दांच्या याद्या मात्र लांब ठेव, त्यातले निम्मे शब्द कुठे दिसतच नाहीत. यादी घे पण पेपरातून घे.

शब्दांच्या_मागे
दोघांचं खरं आहे. फौजीदादा म्हणतात तिथून शब्द घे आणि मास्तर म्हणतात तसे पक्के कर.

मी यात एकच गोष्ट घालते, मुळं. आपण मराठीवाले यात खरंच पुढे आहोत आणि कुणी आपल्याला ते सांगत नाही. लॅटिन आणि संस्कृत दूरच्या नात्यातल्या भाषा. दंत आणि डेंटल, मृत आणि मॉर्टल, अग्नी आणि इग्नाइट, सर्प आणि सर्पंट. लघु म्हणजे हलका, त्याच घरातला लॅटिन 'लेव्हिस', त्यातून अलीव्हिएट म्हणजे त्रास हलका करणे, आणि लेव्हिटी म्हणजे नको तिथला हलकेपणा. 'बेने' चांगलं आणि 'माल' वाईट एवढं कळलं तरी बेनेव्होलंट, बेनिफॅक्टर, मॅलेव्होलंट, मॅलिस एकाच बैठकीत होतात.

पण मुळं बघून अंदाज कर, खात्री डिक्शनरीतूनच कर. 'इन' दिसला की नकार असं धरून चाललं तर इनफ्लेमेबलला फसायला होतं, त्याचा अर्थ पेट घेणारा असाच आहे. इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकिमतीचं नाही, अमूल्य. आणि पेडेस्ट्रियन आपल्याला फक्त पादचारी म्हणून माहीत असतो, पण कुणाच्या भाषणाला पेडेस्ट्रियन म्हटलं तर ते रटाळ होतं असा अर्थ.

ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, नेहमीच्या शब्दांपुढे ए१ (अगदी सोपे) ते सी१ (अवघड) अशी पातळी दिलेली असते, तू बी२ आणि सी१ वर लक्ष दे. तिथे स्पीकरचं बटण दाबून उच्चार पण ऐक गं. आपण वाचून शिकतो म्हणून सटलला सबटल आणि इपिटमीला एपिटोम म्हणत राहतो, लेखीत चालून जातं पण पुढे एसएसबीला (लेखीनंतरच्या निवड मुलाखतीला) ग्रुप डिस्कशन आहे, तिथे उच्चाराची धाकधूक असली की माणूस तोंडच उघडत नाही.

कोरेगावची_पोर
खूप खूप धन्यवाद, मास्तर, दादा, ताई!! कालच बसून कार्डं केली, घरात पत्रिकांचा गठ्ठा होताच. एक शंका, रोज किती नवीन शब्द घ्यायचे? आणि मी स्वतः तीन वाक्यं केलीत, बरोबर आहेत का बघाल का.
१) द गव्हर्नमेंट शुड अलीव्हिएट द फार्मर्स.
२) शी वॉज रिलक्टंट फॉर गोइंग देअर.
३) हिज अपॉलजी वॉज नॉट सिन्सिअर.

फौजी_स्वप्न
नवीन दहाच्या वर नको. जुनी कार्डं साचली की त्या दिवशी नवीन शून्य, आधी साचलेली संपव. आणि रविवारी एक जुना पेपर घड्याळ लावून.

मिरजेचे_मास्तर
तिसरं अगदी बरोबर. पहिल्यात शब्द योग्य निवडलास पण अलीव्हिएट माणसाला करत नाहीत, माणसाचं दुःख, वेदना, गरिबी, टंचाई अलीव्हिएट करतात. म्हणून 'अलीव्हिएट द डिस्ट्रेस ऑफ द फार्मर्स'. दुसऱ्यात रिलक्टंटनंतर 'टू' आणि साधं क्रियापद, 'रिलक्टंट टू गो देअर'. मराठीत आपण 'जायला नाखूश' म्हणतो, त्या 'ला'चं तू 'फॉर' केलंस, ही आपल्याकडची नेहमीची चूक, स्पॉटिंग एररमध्ये (वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांत) पण असलीच वाक्यं येतात. दोन्ही दुरुस्त वाक्यं कार्डावर घे, रेघ शब्दाच्या जागी नको, 'टू' च्या जागी ओढ. पुढच्या रविवारी आणखी पाच वाक्यं इथेच टाक, मी तपासून देतो.