मदत हवी आहे : ज्युदोचे तत्त्व वापरून आईला पलंगावरून खुर्चीत बसवताना वळण कसे घ्यावे?

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोडोकान या ज्युदो-शाळेची स्थापना केली. शक्तीचा सर्वोत्तम वापर हे ज्युदोचे तत्त्व रोजच्या जगण्यातही उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. मी सहा वर्षे ज्युदो शिकत असून आईला पलंगावरून खुर्चीत बसवताना हेच तत्त्व वापरत आहे. पक्षाघातामुळे तिच्या डाव्या अंगात ताकद कमी आहे, वजन ६२ किलो आहे. ती आधाराशिवाय बसते, सूचना समजून घेते आणि डॉक्टरांनी तिला उभे करण्यास परवानगी दिली आहे.

पूर्वी मी काखेत हात घालून तिला सरळ वर ओढत असे. त्यामुळे तिचा खांदा आणि माझी कंबर दुखू लागली. मग ज्युदोतील ‘कुझुशी’, म्हणजे आधी तोल हलवणे, आठवले. आता तिची पावले थोडी मागे घेऊन, ती नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकी पुढे झुकली, की कमरेचा पट्टा धरून मी तिच्याबरोबर उठतो. उठणे खरोखर हलके झाले आहे.

अडचण वळताना येते. खुर्ची तिच्या उजव्या, बळकट बाजूला ठेवूनही डावा गुडघा मध्येच दुमडतो. खोली लहान असल्याने उचलण्याचे यंत्र बसत नाही आणि फिजिओथेरपिस्ट पुढच्या आठवड्यातच येतील. रुग्णसेवेचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे : तिचा डावा गुडघा माझ्या गुडघ्याने अडवून एकाच फेरीत वळावे, की लहान पावले टाकत वळावे?