मदत हवी आहे: अंगणवाडीचा आहार घेणारी मुलंच जास्त खुजी? रिग्रेशनमध्ये चिन्ह उलटं येतंय

नमस्कार मंडळी, एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि डिझर्टेशन अडकलंय म्हणून इथे टाकतेय, जाणकारांनी जरा बघा प्लीज. विषय महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधलं स्टंटिंग, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असणं. डेटा एनएफएचएस-५ चा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा (२०१९-२१). देशाचा आकडा एनएफएचएस-४ च्या ३८.४ टक्क्यांवरून ३५.५ वर आला आणि आपला मात्र ३४.४ वरून ३५.२, म्हणजे खाली यायचं सोडून किंचित वरच सरकला, म्हणून हा विषय घेतला.

लॉजिस्टिक रिग्रेशन (हो/नाही अशा गोष्टीचा बाकी घटकांशी संबंध काढायची पद्धत) चालवलंय, स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये. मूल स्टंटेड आहे की नाही हा आउटकम, म्हणजे ज्याचं कारण शोधायचं ती गोष्ट, आणि उजवीकडे आईचं शिक्षण, आईची उंची, वेल्थ इंडेक्स (घरातल्या वस्तू-सोयींवरून काढलेला सुबत्तेचा निर्देशांक), घरात संडास आहे का, शहर की गाव, मुलाचं वय महिन्यांत, कितवं मूल, आणि गेल्या १२ महिन्यांत अंगणवाडीतून आहार मिळाला का. बाकी सगळं अपेक्षेप्रमाणे येतंय पण अंगणवाडीचा ऑड्स रेशो १ च्या वर (म्हणजे आहार घेणाऱ्यांत स्टंटिंग जास्त), आणि वर स्टार पण, म्हणजे फरक निव्वळ योगायोग वाटत नाही!! म्हणजे आहार घेतला की मूल खुजं होतं असं लिहू का आता? शिवाय वेल्थ इंडेक्स टाकली की संडासाचा परिणाम गायबच होतो. गाईड म्हणतात चिन्ह चुकीचं आलंय, तो व्हेरिएबल काढून टाक आणि आर-स्क्वेअर (मॉडेल किती फरक समजावतं तो आकडा) वाढव. पण काढला तर उरतं काय, अख्खं दुसरं चॅप्टर अंगणवाडीवर आहे. काय करू?

आकडेमोड:
काढू नका! चिन्ह चुकीचं नाहीये, तुम्ही त्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. आहार कोण घेतं ते बघा आधी. ज्यांच्या घरी दूध-अंडी रोज आहेत ते टीएचआरची (घरी न्यायच्या आहाराची) पाकिटं न्यायला फारसे येत नाहीत. वेल्थ इंडेक्स टाकली म्हणजे गरिबी पूर्ण धरली असं नाही, त्यात वस्तू मोजतात, घरातलं रोजचं खाणं, मजुरीसाठी होणारं स्थलांतर, आईला मिळणारा वेळ हे त्यात कुठे आहे? ते सगळं अंगणवाडीच्या खात्यावर जमा होतं. आणि योजनेतच उलटा बाण आहे, या सर्वेक्षणाच्या वेळी साध्या मुलाला ५०० कॅलरीचा आहार होता तर तीव्र कुपोषित मुलाला ८०० चा. म्हणजे मूल आधी कुपोषित, मग सेविका त्याच्या मागे लागते. हे म्हणजे दवाखान्यात माणसं जास्त आजारी दिसतात म्हणून दवाखान्याने आजार होतो म्हणण्यासारखं झालं.

दुसरं, वय. स्टंटिंग जन्मापासून सरळ रेषेत वाढत नाही, साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत झपाट्याने वाढतं. आणि टीएचआर ६ महिने ते ३ वर्षं, तीन पूर्ण झाली की अंगणवाडीतला गरम ताजा आहार. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आहार मिळायचाच नसतो पण तुमच्या मॉडेलमध्ये ते ‘न घेणाऱ्यां’मध्ये बसलंय, आणि त्या वयात स्टंटिंगही कमी. ती बाळं वगळून वयाचे गट पाडून परत चालवा, रेशो खाली यायला हवा.

घाटाखालचा:
वरच्यांना +१. संडासाचं उत्तर सोपं आहे, वेल्थ इंडेक्स बनवतानाच त्यात संडास, पाणी, चूल की गॅस, फरशी, टीव्ही सगळं घातलेलं असतं, तुम्ही संडास दोनदा मोजताय. संडास वगळून बाकीच्या वस्तूंचा इंडेक्स स्वतः काढा, प्रिन्सिपल कंपोनंटने (अनेक वस्तूंचा मिळून एक आकडा काढायची पद्धत), अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि एक आगाऊ प्रश्न, वेट (नमुन्यातल्या प्रत्येकाला द्यायचं वजन) लावलंय ना? डेटातल्या व्ही००५ या वेटच्या रकान्याला दहा लाखांनी भागून, आणि पीएसयू (नमुन्यात निवडलेली गावं-वस्त्या) व स्ट्रॅटा (नमुन्याचे गट) स्टाटाच्या एसव्हीवायसेट कमांडमध्ये सांगून? नाहीतर ते स्टार उगाच उगवतात, कारण एकाच वस्तीतली मुलं एकमेकांसारखीच असतात. एचडब्ल्यू७० मध्ये, म्हणजे वयानुसार उंचीच्या झेड-स्कोअरच्या (सरासरीपासूनच्या अंतराच्या) रकान्यात, ९९९६ आणि त्यापुढचे कोड मिसिंग म्हणून टाका, आणि तो आकडा शंभरपटीत असतो, उणे २ (याच्या खाली मूल स्टंटेड) म्हणजे तिथे उणे २००.

धागाकर्ती:
वेट होतं पण पीएसयू नव्हता सांगितला 🙈 सांगितल्यावर एक स्टार गेला. सहा महिन्यांच्या आतली बाळं काढल्यावर रेशो बराच उतरला पण अजून १ च्या वरच आहे. माझी आत्या अंगणवाडी सेविका आहे, तिला टेबल दाखवलं तर म्हणाली, अगं वजन कमी भरलं की मीच त्यांच्या दारात जाते, मग तुझ्या कागदात तीच पोरं दिसणार ना! गाईडना हे सांगितलं तर म्हणाले आत्याचा रेफरन्स देता येत नाही.

एकाच गावातल्या मुलांची आपसात तुलना केली तर, म्हणजे पीएसयूचा फिक्स्ड इफेक्ट? आणि रेशो १.४ आला तर ‘४० टक्के जास्त शक्यता’ लिहायचं का?

आकडेमोड:
नाही हो, स्टंटिंगसारखी सर्रास गोष्ट असेल तर असं लिहू नका. समजा न घेणाऱ्यांत ३० टक्के स्टंटेड, म्हणजे ऑड्स (स्टंटेड भागिले न-स्टंटेड) ३०/७०, साधारण ०.४३. त्याला १.४ ने गुणा, ०.६, परत टक्क्यांत आणा तर ३७.५. वाढ चाळीस टक्के नाही, पंचवीस. मार्जिन्स कमांडने टक्क्यांतच दाखवा, परीक्षकांनाही कळतं.

फिक्स्ड इफेक्टची कल्पना चांगली, पण एका पीएसयूत २२ घरं, त्यात पाच वर्षांखालची मुलं मोजकीच. लॉजिस्टिक केलंत तर जिथे सगळी स्टंटेड किंवा एकही नाही ती गावं मॉडेलमधून गळतात. त्यापेक्षा झेड-स्कोअरच आउटकम घ्या, साधं लिनिअर.

घाटाखालचा:
इथे थोडा असहमत. गावातल्या गावात तुलना केली तरी आत्या वजन बघूनच दारात जाणार, तो उलटा बाण फिक्स्ड इफेक्टने सुटत नाही. एकदाच्या सर्वेक्षणात तो सुटणारच नाही. चॅप्टरचं नाव ‘आहाराचा परिणाम’ ऐवजी ‘आहार कोणापर्यंत पोचतो’ करा, आहार मिळणं हाच आउटकम घ्या. त्यासाठी हा डेटा झकास आहे, महाराष्ट्राचं फील्डवर्कही लॉकडाउनच्या आधीच झालंय त्यामुळे तीही कटकट नाही. आर-स्क्वेअरचं टेन्शन घेऊ नका, एकेका मुलाच्या डेटावर तो कमीच येतो.

धागाकर्ती:
हे आवडलं! आउटकम उलटवून आत्ताच चालवलं, आईचं शिक्षण आणि गाव-शहर दोन्ही ठळक दिसतायत. आता वेल्थ इंडेक्स संडासाशिवाय बनवायला घेते. कुणाकडे त्याची डू-फाइल (स्टाटाच्या कमांडची फाइल) असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना, वस्तूंची यादी कुठे तोडायची तेच कळत नाहीये, गुरंढोरं धरायची का?

घाटाखालचा:
धरा, पण शहर आणि गावाचा इंडेक्स वेगवेगळा काढा, नाहीतर म्हैस असलेलं घर शहराच्या हिशेबात गरीब ठरतं. फाइल रात्री पाठवतो.