गाळा की फ्लॅट? कोरोनानंतर जुना हिशोब चालेना

नवीपेठकर
आमच्या वडिलांचं ठाम मत होतं: राहायला एक घर पुरे, वरचा पैसा गाळ्यात घाला, म्हातारपणी भाडं पोसतं. मार्च 2020 पर्यंत मीही जो भेटेल त्याला हेच सांगायचो. सोलापूरच्या नवी पेठेत आमचे दोन दुकानाचे गाळे. एक युनिफॉर्मवाल्याकडे, दुसरा चादरी-टॉवेलवाल्याकडे. टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. मग गणवेश कोण शिवणार? आठ महिने कसेबसे काढून त्यानं किल्ली आणून दिली. अनामत थकलेल्या भाड्यातच गेली. टॉवेलवाला टिकला, पण निम्म्या भाड्यावर. त्याच वर्षी मेव्हण्यानं जुळे सोलापुरात टू बीएचके घेतला. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मुद्रांक शुल्कात 3 टक्के सूट, वर कर्ज 7 टक्क्यांच्या आत. आज तो मला हसतो. माझं मत बदललंय: गाळ्याची खात्री गेली, पैसा घरात घाला.

होटगीरोडवाला
काका, मेव्हण्याला एकदा हप्ता विचारा की. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो रेपो दर मे 2020 मध्ये 4 टक्के होता. मे 2022 पासून चढत चढत फेब्रुवारी 2023 ला साडेसहावर गेला. फ्लोटिंग, म्हणजे व्याजदर बदलत राहणारं कर्ज असेल तर हप्ता तरी वाढला किंवा वर्षं तरी. फ्लॅट काय कोरोनानं विकले गेले नाहीत, सूट आणि स्वस्त कर्जानं विकले गेले. दोन्ही गोष्टी गेल्या. आता घेणाऱ्याला तो हिशोब दाखवून फसवू नका.

पुण्यातला सोलापूरकर
मी फसलेला, म्हणून लिहितो. 2020 मध्ये हिंजवडीची रूम सोडून घरी आलो. पगार पुण्याचा, खर्च सोलापूरचा, एकदम मजा. फक्त दोन खोल्यांत माझी मीटिंग, आईचा कुकर आणि बाबांच्या बातम्या एकदम सुरू व्हायच्या. वाटलं, आता असंच राहणार, घेऊन टाकला विजापूर रोडला थ्री बीएचके. 2022 मध्ये कंपनीनं परत बोलावलं. आता इथे भाडं भरतो, तिथे हप्ता. फ्लॅटला कुलूप. काका, तुमचा गाळा निदान पुन्हा भाड्यानं गेला असेल.

मागवाला
गाळेवाले रडतायत, फ्लॅटवाले रडतायत. आमच्या पूर्व भागात एका खोलीत सहा माणसं आणि कापडाचे माग बंद, त्यांचं कुणी बोलेना. 17 एप्रिल 2020 ला सरकारनं घरमालकांना सांगितलं, किमान तीन महिने भाडं मागू नका, कुणाला काढू नका. आमच्या मालकानं तो कागद वाचलाच नसणार. सोलापूरजवळ कुंभारीला कामगारांच्या रे नगर वसाहतीची 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली, ते चांगलं झालं. पण तिथून मागावर यायला रोज रिक्षाचे पैसे लागतात, ते कुठल्या हिशोबात धरायचे?

नवीपेठकर
मागवाले भाऊ, बरोबर आहे, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुणेकर, गाळा गेला भाड्यानं, कुरिअरवाल्याकडे. शटर अर्धं खाली, आत खोकी. भाडं वेळेवर येतं, गिऱ्हाईक एक नाही. शेजारचा दुकानदार म्हणतो, तुझ्यामुळे माझ्याकडचीही गर्दी गेली. त्याला काय उत्तर देऊ?

होटगीरोडवाला
त्याला सांगा, ती खोकी त्याच्याच गिऱ्हाइकांची आहेत. आणि तुम्ही फ्लॅट बघायला जाल तेव्हा भाव नंतर विचारा, आधी नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारा.